गेम खेळताना पीसी अचानक बंद पडतोय? पॉवर सप्लाय बदलण्याआधी हे वाचा

मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, पीसी परत गेला. गेम चालू केला की दहा मिनिटांत फट्कन बंद. यूट्यूब चालतं, कॉलेजचं काम चालतं, फक्त गेमच चालत नाही."

तो राहुरी तालुक्यात राहतो, गावाबाहेर वस्तीवर. पीसी सेकंडहँड घेतलेला. आत रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. एका दुकानदाराने फोटो बघूनच निदान केलं होतं की ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन घ्यावं लागेल. म्हणजे सरळ पंधरा-वीस हजारांचा खर्च, आणि तोही अंदाजावर.

कार्ड ठणठणीत होतं. गेला होता पॉवर सप्लाय, ज्याला आपल्याकडच्या दुकानांत एसएमपीएस म्हणतात. तो बदलायचं काम भावाने स्वतःच्या हाताने केलं, मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर होतो. मधे एका ठिकाणी तो सगळा डेटा घालवणार होता, थोडक्यात वाचला. ती गोष्ट पुढे येईलच, आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठीच लिहितोय.

पॉवर सप्लाय करतो काय?

तुमच्या मोबाईलचा चार्जर हा याचाच लहान भाऊ. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि मशिनला चालेल अशी कमी व्होल्टची डीसी वीज द्यायची, काम दोघांचं एकच. चार्जर साधारण ५ किंवा ९ व्होल्ट देतो. पीसीचा पॉवर सप्लाय एकाच वेळी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ वर चालतात, एसएसडी आणि हार्ड डिस्कला ५ आणि १२ लागतात.

एक मोठा फरक मात्र आहे. फोनमध्ये बॅटरी असते, त्यामुळे चार्जर बिघडला तरी फोन लगेच बंद पडत नाही. पीसीत अशी मधली बॅटरी नाही. पॉवर सप्लायने सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती जरी मान टाकली तरी पीसी बंद.

मग यूट्यूब का चालतं? कारण व्हिडिओ बघताना या पीसीला जेमतेम ७०-८० वॉट लागतात. गेममध्ये एकटं कार्ड १७० वॉट घेतं, सीपीयू ७५ च्या आसपास, बाकी बोर्ड, पंखे, डिस्क मिळून ५० धरा. झाले ३००. आणि ग्राफिक्स कार्डची भूक एकसारखी नसते. स्क्रीनवर एकदम स्फोट झाला, धूर झाला की काही मायक्रोसेकंदांसाठी ते नेहमीच्या कितीतरी जास्त वीज ओढतं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर म्हणजे आपल्या घरावरची पाण्याची टाकी समजा. अचानक सगळे नळ सोडले तर टाकी धकवून नेते. टाकीच गळकी झाली असेल तर नळाला धार उरत नाही.

हे कपॅसिटर उन्हाने म्हातारे होतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. नगरचा उन्हाळा, पत्र्याची खोली, पंख्याच्या जाळीवर शेतातल्या धुळीचा थर, आणि भावाचा सप्लाय आठ वर्षं जुना. तो इतकी वर्षं टिकला याचंच मला कौतुक वाटलं.

आधी बाहेरचे संशयित तपासा

पैसे खर्च करण्याआधी हे करा. सगळ्यात पहिला संशयित यूपीएस. आपल्याकडे सर्रास ६०० व्हीएचा यूपीएस घेतला जातो आणि लोकांना वाटतं तो ६०० वॉट देतो. लेबल नीट वाचलंत तर साधारण ३६० वॉट लिहिलेलं दिसेल. वर आकडा काढलेला ३०० वॉटचा पीसी भिंतीतून प्रत्यक्षात ३५० च्या आसपास ओढतो, कारण थोडी वीज पॉवर सप्लायमध्येच उष्णता होऊन जाते. मॉनिटरचे २५-३० मिळवा. ३६० च्या वर गेलात. लाईट असेपर्यंत कदाचित निभावेल, लाईट गेली की यूपीएस त्याच क्षणी हात वर करणार. म्हणून एकदा यूपीएस बाजूला काढून, चांगल्या थ्री-पिन सॉकेटमधून पीसी थेट चालवून बघा.

भावाने बघितलं. तरी बंद.

दुसरा संशयित घरातलं व्होल्टेज. नियमाने घरगुती पुरवठा २३० च्या ६ टक्के वर-खाली असावा, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४. वस्ती डीपीपासून लांब असेल आणि आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या तर तो आकडा किती खाली जातो हे गावाकडच्यांना सांगायला नको, बल्बच सांगतो. काकांकडे मोटारीच्या स्टार्टरसाठी घेतलेला मल्टीमीटर होता. काकांनीच मोजलं (हे भिंतीच्या सॉकेटचं मोजमाप सवय नसेल तर तुम्ही करू नका), मोटारी चालू असताना २०५ आलं. कमीच आहे, पण आजचे बरेच चांगले पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. लेबलवर "१००-२४०" असं छापलेलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. मागे लाल रंगाचा ११५/२३० असा स्विच असलेला जुन्या पद्धतीचा सप्लाय असेल तर मात्र त्याला हे जमत नाही. आणि तो स्विच चुकूनही ११५ वर सरकवून चालू करू नका, फट् असा आवाज येईल आणि विषय संपेल.

जास्त व्होल्टेज हा खरा शत्रू. वादळात डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० च्या जवळ जाऊ शकतं. वळवाचा पाऊस आला की प्लग काढून ठेवायची मावशीची जुनी सवय शंभर टक्के बरोबर आहे.

तिसरा संशयित गरमी. सीपीयू किंवा कार्ड फार तापलं तरी पीसी स्वतःला बंद करतो. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून गेम चालू असतानाचं तापमान बघा. भावाच्या पीसीत सीपीयू ७२, कार्ड ६८. यात काही वावगं नव्हतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद दिसली की पॉवर सप्लायच गेला असं बरेच व्हिडिओ सांगतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला. का झाला, हे ती सांगत नाही. तुम्ही स्वतः प्लग खेचलात तरी हीच नोंद येते.

पॉवर सप्लायकडे बोट दाखवणारी खूण वेगळी आहे. निळी स्क्रीन नाही, गेम अडकत नाही, आवाज फाटत नाही, एकदम काळोख. आणि काही वेळा मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय पीसी परत सुरूच होत नाही, कारण सप्लायने स्वतःचं संरक्षण लावून घेतलेलं असतं.

खात्री करायची तर मल्टीमीटर डीसीवर लावा आणि मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर मोजा. १२ व्होल्टला ५ टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६ चालतं. भावाकडे रिकामं असताना ११.९ दिसत होतं. गेम सुरू केल्यावर ११.२, आणि मग काळोख. सापडला. प्रोब घसरून शेजारच्या वायरला लागू देऊ नका म्हणजे झालं.

हिरव्या आणि काळ्या वायरमध्ये पेपरक्लिप घालून सप्लाय सुरू करायची युक्तीही तुम्ही पाहिली असेल. त्यात फक्त सप्लाय जागा होतो की नाही एवढं कळतं. भावाचा सप्लाय त्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाला असता.

नवीन घेताना वॉटच्या आकड्यावर जाऊ नका

जवळच्या दुकानात भावाला हजाराच्या आत "५०० वॉट" मिळत होता. मी लेबलचा फोटो मागवला. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलेलं. गुणाकार करा: १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. त्या पीसीला जी लाईन लागते तिच्यावर एवढीच ताकद. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ वर दाखवून आकडा फुगवलेला, तेही खरे असतील तर. चांगल्या ५५० वॉटच्या सप्लायमध्ये १२ वर ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॉट. कोणताही सप्लाय घ्यायचा तर हा एक गुणाकार दुकानातच मोबाईलवर करा.

आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडिया स्वतः ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. आम्ही तेवढाच घेतला. "भविष्यासाठी" म्हणून ८५० घ्यायची गरज नव्हती. ज्याला खरंच पुढे मोठं कार्ड घालायचंय त्याने जरूर घ्यावा.

८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के कार्यक्षमतेचे आहेत. निम्म्या लोडवर ब्रॉन्झ साधारण ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के. वीज किती वाया जाते ते यातून कळतं, सप्लाय किती सुरक्षित आहे ते कळत नाही. याचं उदाहरण २०२१ चं. गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे गोल्ड शिक्क्याचे सप्लाय चाचण्यांमध्ये फुटू लागले, बराच गाजावाजा झाला आणि ऑगस्टमध्ये कंपनीला ठराविक सिरीयल नंबरचे युनिट बदलून द्यावे लागले. नाव मोठं, शिक्का सोनेरी, तरी फुटले. म्हणून घ्यायचा तोच मॉडेल नंबर टाकून एखादा आतून उघडून तपासलेला रिव्ह्यू वाचा. वॉरंटी किमान पाच वर्षांची हवी, आणि लेबलवर बीआयएसचा "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्या, सेकंडहँड रॅम घ्या. सेकंडहँड पॉवर सप्लाय घेऊ नका. माझं मत आहे, पण ठाम आहे.

बदलताना

विंडोज शटडाऊन करा, मागचा स्विच बंद, प्लग बाहेर. मग पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडल्यावर काहीही हलवायच्या आधी मोबाईलने फोटो काढा. लांबून एक, प्रत्येक कनेक्टरचा जवळून एक. नंतर हेच फोटो तुमचं मॅन्युअल.

पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० ते ४०० व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. "जरा कपॅसिटर बदलून बघू" हे काम ज्याला येतं त्यालाच करू द्या.

सुटी करायची कनेक्टर चारच प्रकारची: मदरबोर्डचं २४ पिनचं लांब, सीपीयूजवळचं ८ पिनचं, ग्राफिक्स कार्डचं, आणि डिस्कची चपटी साटा. प्रत्येकाची खिट्टी दाबून कनेक्टरला धरून ओढायचं, वायरला धरून नाही. २४ पिनचं घट्ट असतं, बोर्ड वाकेल इतका जोर लावू नका, जरा डावीकडे-उजवीकडे हलवत काढा. मग मागचे चार स्क्रू.

इथपर्यंत भावाने वीस मिनिटांत केलं. नवा सप्लाय बसवला, आणि स्क्रीनवरून मला म्हणाला, "दादा, जुन्या वायरी आतून एकदम भारी बांधलेल्या आहेत. त्या राहू दे का? मागचं टोक नव्या सप्लायमध्ये बसतंय बरोबर. उगाच सगळं सोडायला नको."

"थांब. हात काढ आधी."

दोन्ही सप्लाय मॉड्युलर होते, म्हणजे वायरी सप्लायपासून सुट्या करता येतात. या वायरीचं जे टोक मदरबोर्डला किंवा डिस्कला लागतं ते सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, त्याचं ठरलेलं मानक आहे. जे टोक सप्लायला लागतं त्याला कोणतंही मानक नाही. आकार सारखा असू शकतो, वायर व्यवस्थित आत बसते, खिट्टीही टक् करून लागते. पण एका कंपनीने ज्या पिनवर ५ व्होल्ट दिलेत तिथे दुसरीने १२ दिलेले असू शकतात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. कॉर्सेअर तर यासाठी आपल्या केबलवर टाइप ३, टाइप ४ असं छापते.

चुकीची वायर लावून बटण दाबलं की एसएसडीच्या ५ व्होल्टच्या लाईनवर १२ जातात. पीसी सुरू होत नाही, हलका वास येतो, बस्स.

मला हे माहीत आहे कारण मी हे केलंय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर, मित्राकडची एक जास्तीची साटा वायर लावून. एक टीबीची डिस्क होती. कॉलेजचे प्रोजेक्ट परत करता आले. आजोबांचे व्हिडिओ होते, ते जाण्याआधीच्या दिवाळीचे, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. रिकव्हरीवाल्याने सांगितलेला आकडा तेव्हा आवाक्याबाहेरचा होता. डिस्क अजून कपाटात आहे.

त्यामुळे जुन्या सप्लायबरोबर त्याच्या सगळ्या वायरी बाहेर काढा. एकही आत ठेवू नका, आणि काढलेल्या वायरी त्याच जुन्या सप्लायला बांधून ठेवा म्हणजे पुढे कोणी फसणार नाही. आणि हे काम सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. पीसी डेस्कटॉपपर्यंत तरी चालतोय ना? मग आजच करा.

भावाने कुरकुर करत सगळं सोडलं. अर्धा तास गेला.

नव्या वायरी लावताना एकच गोंधळ होतो. सीपीयूचं कनेक्टर ८ पिनचं आणि ग्राफिक्स कार्डचंही ८ पिनचं, पण आत १२ व्होल्ट आणि ग्राउंड अगदी उलट बाजूंना. खाचा वेगळ्या असल्यामुळे सहज बसत नाही, जोर लावणाऱ्याचं मात्र बसू शकतं. वायरवर "सीपीयू" किंवा "पीसीआय-ई" छापलेलं असतं, ते वाचा. ग्राफिक्स कार्डचं कनेक्टर पूर्ण आत गेलंय ना ते बोटाने चाचपून बघा. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० ची कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यात अर्धवट बसलेलं कनेक्टर हे एक मोठं कारण निघालं. ३०६० ला तेवढा करंट लागत नाही, पण सवय चांगली.

सप्लायचा पंखा कुठल्या बाजूला? कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर खाली. तळ बंद असेल किंवा पीसी गादीवर, सतरंजीवर ठेवत असाल तर वर. आणि जाळी महिन्यातून एकदा साफ करा, आपल्याकडची धूळ पुण्या-मुंबईसारखी नाही.

पीसी सुरू झाला. दोन तास गेम चालला, १२ ची लाईन १२.० च्या खाली गेली नाही. एकूण खर्च नव्या ग्राफिक्स कार्डाच्या एक चतुर्थांश.

आणि तो झिणझिणीचा प्रकार

सगळं झाल्यावर भाऊ सहज म्हणाला, "कॅबिनेटला हात लावला की अजून झिणझिण्या येतात, अनवाणी असलो की जास्त. ते सगळ्यांनाच होतं ना?"

सगळ्यांना होत असेल, पण ते व्हायला नको. पॉवर सप्लायच्या आत आवाज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात (आवाज म्हणजे विजेतला खरखराट), ते फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. घरात अर्थिंग असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत निघून जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, बसून राहतं. करंट फार थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. पण उद्या सप्लायमध्ये फेज थेट पत्र्याला टेकली तर तिला जायला वाट तुमच्या हातातूनच उरते. नवा सप्लाय कितीही भारी आणला तरी हे बदलत नाही, कारण दोष भिंतीत आहे.

गंमत बघा, नगरच्या एमआयडीसीत कित्येक वर्षं स्विचगिअर बनतं, आधी एल अँड टीचं आणि २०२० पासून श्नायडरच्या मालकीचं, आणि तिथून तासाभरावरच्या वस्तीत थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकात वायरच नाही. भावाच्या घरी तेच होतं. वायरमनने बोर्ड उघडला तर अर्थची पिन कोरडी, मागे काहीच जोडलेलं नाही.

काकांनी विहिरीच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा करून घेतला, कोळसा-मीठ घालून. बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली आणि मीटरजवळ आरसीसीबी बसवला. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घालायचं वायरमनने सांगितलंय. ते काम आता भावाकडे आहे. गेम सुरू करायच्या आधी पाणी घालून आलास का, असं मावशी विचारते.